भैरवीनंतरचा माईक

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. ‘हॅलो हॅलो, चेक चेक’ करू नका. ऐकू येतंय मला. स्विच बंद असला तरी येतं. बंद असताना फक्त पुढे पोचवता येत नाही, आणि तेच बरं आहे, कारण लोक माझ्यासमोर जे बोलतात त्यातलं निम्मं पोचवायच्या लायकीचं नसतं.

वस्तू बोलायला लागली की तुम्हाला वाटतं, आता ही रडणार. फाटकी छत्री रडते, जुनं पुस्तक रडतं, तीन पायांची खुर्चीसुद्धा हुंदके देते. मी रडणार नाही. पाण्याने माझ्या जाळीला गंज चढतो. शिवाय मी उभं आयुष्य माणसांच्या तोंडापासून चार बोटांवर काढलंय. तिथून माणूस जसा दिसतो तसा तो पाहिला की रडू येत नाही, शिसारी येते.

माझा जन्म अंधेरीला, मरोळच्या एका कारखान्याच्या गाळ्यात झाला. शेजारच्या गाळ्यात प्लास्टिकचे डबे व्हायचे, त्यामुळे जन्मल्या जन्मल्या नाकात जळका वास गेला. एका बाईने माझ्या आत कागदाहून पातळ पडदा बसवला, त्याला केसासारख्या तारेचं वेटोळं चिकटवलं, मागे लोहचुंबक ठेवलं. समोर कुणी बोललं की पडदा थरथरतो, तार हलते आणि आवाज वायरीतून पळत सुटतो. एवढंच माझं काळीज. अंगावर मात्र मालकाने एक परदेशी वाटेलसं नाव छापलं. मालकाला इंग्रजी येत नव्हतं आणि ते नाव कुठल्याही इंग्रजाला ऐकूनसुद्धा माहीत नाही. म्हणजे माझी सुरुवातच थापेने झाली.

मला विकत घेतलं गुणाजीने. गुणाजीचं कांजूरमार्ग पूर्वेला मंडप आणि साऊंडचं दुकान. माणूस मालवणकडचा, जीभ तिखट, हात मात्र हलका. त्याने मला हातात तोललं, कानाशी नेऊन हलवलं आणि म्हणाला, “हो मेलो मरूचो नाय.” माझ्या वाट्याला आलेलं कौतुक म्हणाल तर हे एवढंच. कारण माईकचं कौतुक कुणी करत नाही. गाणं रंगलं तर ‘काय आवाज लागलाय ताईंचा!’ आणि गाणं पडलं तर ‘माईक खराब आहे हो.’ इतकी वर्षं झाली, पण ‘आज आमचा गळाच खराब होता’ म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

गुणाजीबरोबर मी काय काय नाही ऐकलं! सत्यनारायणाच्या आरत्या ऐकल्या, हळदीतला धिंगाणा ऐकला. निवडणुकीत एका उमेदवाराने भाषणाच्या जोरात मला असा काही पानाचा फवारा मारला की गुणाजीला दुसऱ्या दिवशी जाळी काढून ब्रशने घासावी लागली. जुहूच्या चौपाटीवर हरवलेल्या पोरांची नावं मीच पुकारली. पोरं सापडली की आया आधी त्यांना धपाटे घालायच्या आणि मग पोटाशी धरायच्या. मला कुणी विचारलं नाही. जो तो येणार, टिचकी मारणार, फूऽ करून फुंकणार. एखाद्याच्या कानात असं फुंकून बघा बरं, काय होतं ते!

मग बिनवायरचे माईक आले. निळे दिवे लावून मिरवणारे, दर दोन कार्यक्रमांनी बॅटरीसाठी भीक मागणारे. गुणाजीने मला फुटक्या फोकसच्या पेटीत टाकलं. तिथून मी बाहेर निघायचो ते एकाच कामाला. गुणाजी म्हणायचा, “म्हाताऱ्यांच्या गाण्याक जुनो माईक चलता.”

ते काम म्हणजे मुलुंड पूर्वेचं गाणी मंडळ. मंडळाला एक भारदस्त संस्कृत नाव आहे, ते खुद्द सेक्रेटरीलाही एका दमात म्हणता येत नाही, म्हणून सगळे नुसतं ‘मंडळ’ म्हणतात. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी, चहाच्या वेळेला, एका शाळेच्या हॉलमध्ये ही मंडळी जमतात. निवृत्त बँकवाले, निवृत्त मास्तर, निवृत्त कारकून, आणि काही अजून निवृत्त न झालेले पण त्याच वाटेवरचे. गातात काय? जुनी भावगीतं आणि जुनी नाट्यगीतं. दुसरं काही नाही.

आता मित्रांनो, या गाण्यांविषयी माझं मत ऐकाच. भावगीत म्हणजे रेडिओच्या जमान्यातलं छोटंसं गाणं. त्यात चंद्र असतो, मोगरा असतो आणि न आलेलं कुणीतरी असतं. अहो, चंद्र! मुलुंडमध्ये चंद्र कुणी शेवटचा कधी पाहिला? टॉवरच्या मागे असेल बिचारा. खिडकीतून कांजूरच्या कचऱ्याच्या डम्पिंगचा वास आत येत असतो आणि गाणारी बाई पारिजातकाचा गंध आला म्हणून डोळे मिटते. नाट्यगीत म्हणजे संगीत नाटकातलं पद. त्यातली माणसं तर ठार वेडी. छातीत तलवार घुसलेला माणूस पाणी मागेल की नाही? हा ताना घेतो. ताना घेत घेत एकदाचा मरतो, तर प्रेक्षक ओरडतात, “वन्स मोअर!” आणि हा मेलेला उठून पुन्हा मरतो! हा ‘वन्स मोअर’ म्हणजे मराठी माणसाचा जुना रोग. गाणं आवडलं की तेच परत मागायचं. एकदा ऐकून भागत नाही, कान काय भाड्याने आणलेत?

ही गाणी केव्हाच मरायला हवी होती. मी वाट बघत होतो. दर वर्षी कुणीतरी म्हणतंच, “आता ही गाणी कोण ऐकतंय?” आणि दर वर्षी गुणाजीला खुर्च्या वाढवाव्या लागतात. सेक्रेटरीची नात पहिल्यांदा आली तेव्हा तोंड वाकडं करून मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती. दोन-तीन रविवार गेले आणि बघतो तर काय, ध्रुवपदाला तिचेच ओठ हलतायत! लागण होते, दुसरं काय.

सेक्रेटरी म्हणजे देवव्रत. पेटी तेच वाजवतात. वयाने सत्तरीचे, कडक इस्त्रीचे, आणि नियमांनी तर त्याहून कडक. गाणं तालात नसलं तरी चालेल, पण नियमात हवं. त्यांचा सगळ्यात मोठा नियम भैरवीचा. भैरवी हा राग मैफलीच्या शेवटी गातात, हे तुम्हाला ठाऊक असेल. भैरवी झाली की त्यानंतर कुणी काही गायचं नाही. पेटी झाकायची, हात जोडायचे, चपला शोधायच्या. मंडळात ही शेवटची भैरवी कायम देवव्रतांची. महिनाभर ते तिचीच वाट बघत असतात.

आणि कमल. कमलताई कांजूरची, टेलिफोन खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेली. तिचे वडील परभणीकडचे, आंबेडकरी जलशात गायचे. जयंतीच्या दिवसांत गावोगाव जलसा न्यायचा, गॅसबत्तीच्या उजेडात गाणी आणि वग करायचे, असं त्यांचं आयुष्य गेलं. कमल त्या जलशात वाढली आणि मुंबईत आल्यावर नाट्यगीतांच्या नादी लागली. बाई फटकळ. मंडळात एकटीच अशी, जिने मला कधी टिचकी मारली नाही की फुंकलं नाही. खात्याची सवय असेल. ती मला सरळ तोंडाशी धरून म्हणायची, “हॅलो.” एकदाच. समोरून कुणी बोलेल अशी वाट बघितल्यासारखी थांबायची आणि मग गायची. मला ती आवडायची असं नाही. इतरांपेक्षा तिचा राग कमी यायचा, इतकंच.

तिचं एक गाणं होतं. कुठल्याशा जुन्या संगीत नाटकातलं. राजकन्या राजवाडा सोडून निघालीय आणि उंबऱ्यात उभी राहून गातेय. निघायचं तर नीघ ना बाई! पण नाही. एकेक खांब, एकेक खिडकी, तुळईवरची चिमणी, सगळ्यांचा निरोप घेते. दोनदा घेते. कमलला हे गाणं मंडळात एकदा तरी पूर्ण गायचं होतं. एकदा वीज गेली. दुसऱ्यांदा प्रमुख पाहुण्यांचं भाषण लांबलं आणि ‘वेळेअभावी’ तिचं नाव कापलं गेलं. त्याआधी मनोरीच्या सहलीला ती गायला उभी राहिली, तर गुणाजीच्या पायात वायर अडकून मी वाळूत तोंडावर आपटलो. माझ्या जाळीला पडलेला पोचा तिथलाच. त्या दिवशीही तिचं गाणं राहिलं.

गेल्या वर्षीच्या एका रविवारची गोष्ट सांगतो. गुणाजी स्टेजवर वायरी जोडत होता. हॉल रिकामा. कमल मला हातात घेऊन विंगेत उभी होती, शेजारी शुभा. शुभा म्हणजे मंडळाची निवेदिका, कमलची जुनी मैत्रीण. माझा स्विच बंद होता.

“शुभा, पुढच्या आठवड्यात माझा गळा कापतायत गं,” कमल म्हणाली.

“काहीतरीच काय बोलतेस!”

“थायरॉइडची गाठ आहे. साधी आहे म्हणतात. पण आवाजाची नस तिथूनच जाते ना. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांचा आवाज येतो परत.” आणि पुन्हा म्हणाली, “बहुतेकांचा.”

शुभाच्या हातातला निवेदनाचा कागद चुरगळला. “थांब, मी देवव्रतांना सांगते. तुला पहिलीच घेऊ. मी छान दोन शब्द बोलते तुझ्याबद्दल—”

“खबरदार! एक अक्षर बोललीस तर बघ.” कमलने मला इतकं घट्ट धरलं की तिच्या बोटांची धडधड मला लागली. “बिचारी म्हणून टाळ्या नकोत मला. टेलिफोनवर जन्मभर लोकांच्या शिव्या खाल्ल्या, पण कीव कुणाची खाल्ली नाही. गाणं आवडलं तर वाजवा, नाही आवडलं तर गप बसा. तू मला माझ्या नंबराला बोलाव, बस्स.”

तिचा नंबर शेवटून दुसरा होता. तिच्यानंतर देवव्रतांची भैरवी. हॉल भरला. मागच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर कमलचे यजमान अंबादास येऊन बसले. अंबादासांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. ते बायकोला सोडायला येतात आणि मोबाईलवर बातम्या वाचत बसतात. त्या दिवशी मात्र मोबाईल खिशात होता.

एकामागून एक गाणी झाली. चंद्र उगवला, मावळला. दोघेजण छातीत तलवार घेऊन मेले. बाहेर व्हरांड्यात बटाटेवडे तळून तयार झाले आणि त्यांचा वास आत शिरला. कमलच्या आधी नंबर होता मृणालिनीबाईंचा. या नव्या सभासद, गोड स्वभावाच्या, जरा घाबरट. त्यांनी मोबाईलवरचं संगीत लावून एक भावगीत बसवून आणलं होतं. पेटीची गरज नाही म्हणून देवव्रत उठून वडे मोजायला बाहेर गेले.

मृणालिनीबाईंनी गाणं धरलं. आणि मित्रांनो, तिथेच घात झाला. त्या बिचारीला गाणं आवडलं म्हणून तिने घेतलं होतं. त्याचा राग कुठला, हे तिने कुणाला विचारलं नव्हतं. ती भैरवी होती!

बसलेल्यांपैकी निम्म्यांना राग ओळखता येत नाहीत, हे मी पैजेवर सांगतो. पण त्यांच्या पायांना येतात. इतकी वर्षं तेच सूर ऐकून घरी जायची सवय. पहिला अंतरा होईस्तोवर रांगारांगांतून पाय चपला चाचपायला लागले. बायकांनी पर्सच्या चेनी लावल्या. कुणीतरी हात जोडून डोळे मिटले. देवव्रत दारातून धावत आत आले तेव्हा उशीर झाला होता. ते जागच्या जागी उभे राहिले आणि त्यांचा चेहरा असा पडला, जसं कुणी त्यांच्या ताटातला शेवटचा घास उचलला.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या. मृणालिनीबाई हसत खाली उतरल्या. त्यांना पत्ताच नव्हता. देवव्रत स्टेजवर आले, पेटीपाशी गेले आणि त्यांनी पेटीवर तिची मखमली खोळ घातली.

शुभा धावली. “अहो, काय करताय? कमल राहिलीय अजून!”

“भैरवी झाली,” देवव्रत म्हणाले.

“चुकून झाली हो!”

“चुकून झाली तरी भैरवीच ना ती? त्यावर गायचं नसतं. माझीसुद्धा गेलीच की आज. मी काही बोललो का?”

बोलणार काय? डोळे बोलत होते त्यांचे. हट्टी म्हातारा! स्वतःचं गाणं बुडालं तरी चालेल, पण नियम बुडता कामा नये. मंडळी उठली, खुर्च्या सरकल्या, निम्मा हॉल वड्यांच्या दिशेने तोंड करून उभा राहिला. गुणाजीला तर तेच हवं होतं. त्याला संध्याकाळी भांडुपला हळद होती. तो माझी वायर कोपरावर गुंडाळायलाच लागला.

शुभा कमलच्या कानाशी लागली. “मी सांगते सगळ्यांना. दोन वाक्यं फक्त. ऑपरेशन म्हटलं की सगळे बसतील बघ.”

बसले असते. हमखास बसले असते. डोळ्यांना रुमाल लावून बसले असते. माणसांना दुसऱ्याच्या दुखण्याइतकं गोड काही लागत नाही. कमलने नुसती मान हलवली. नाही म्हणजे नाही. तिचा हात मात्र गळ्याकडे गेला होता, जिथे ती गाठ होती तिथे. तिने एकदा दाराकडे पाहिलं. अंबादास उभे होते. सगळे बाहेर निघाले होते आणि तेवढे एक गर्दीच्या उलट, आत तोंड करून उभे होते.

कमल तरातरा स्टेजवर आली.

“गुणाजी, माईक दे.”

“ताई, वायर गुंडाळलंय मी.”

“सोड परत.”

“अगो ताई, माका भांडुपाक—”

“हळद काय पळून जाते रे तुझी? सोड म्हणते ना!”

गुणाजीने सोडली. कमलने मला हातात घेतलं, स्विच लावला आणि देवव्रतांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “भाऊ, भैरवी झाली म्हणजे कार्यक्रम संपला. बरोबर?”

“बरोबर,” देवव्रत म्हणाले.

“मग संपल्यावर नवा सुरू करायला तुमच्या नियमात बंदी आहे का?”

नियमांची अख्खी पोथी देवव्रतांच्या डोक्यात उलटी-पालटी झाली असणार. ते म्हणाले, “सुरुवात करायची तर नांदीने करावी लागेल.”

“तुमची नांदी मला येत नाही. माझ्या बाबांच्या जलशाची सुरुवात येते. ती चालेल?”

ती त्यांच्या हो-नाहीसाठी थांबलीच नाही. तिने मला तोंडाशी धरलं. “हॅलो,” म्हणाली. एकदाच. आणि पाठमोऱ्या हॉलवर तिने खणखणीत आवाज टाकला:

“बसा मंडळी, बसा खुशाल, आत्ता पेटली बत्ती,
रात्र आहे अजून कोवळी, घराची घाई किती!”

बाहेर चांगलं ऊन होतं. आत ट्यूबलाइट. बत्ती कुठली आणि रात्र कुठली! शुद्ध खोटं गाणं. पण मित्रांनो, ते गाणं बसवणाऱ्याला ठाऊक होतं की लोक उठून जातात. दमलेली, भुकेली, सकाळी कामावर जायची असलेली माणसं उठून जाणारच. त्यांना हात धरून कसं बसवायचं, त्यासाठीच ते बांधलेलं होतं. दुसऱ्या ओळीला दारातली एक बाई वळली. तिसऱ्या ओळीला तिच्या मागचे दोघे. कमल हाताने दाखवत होती, तू इथे बस, तू तिथे बस, आणि एका सद्गृहस्थाने तोंडातला वडा कसाबसा गिळत खुर्ची ओढली. बघता बघता हॉल बसला. बोंबलायला, एवढ्या शिकलेल्या माणसांना एका गॅसबत्तीने बसवलं.

देवव्रतांनी पेटीवरची खोळ काढली. सूर दिला.

आणि मग कमलने ते राजवाड्याचं पद धरलं. मी हे गाणं अर्धंमुर्धंच, पण किती नावं ठेवून ऐकलंय, तुम्हाला सांगितलंच. त्या दिवशीही मी तयारीतच होतो. राजकन्या उंबऱ्यात उभी राहिली. एकेक खांब, एकेक खिडकी. वर जाताना कमलचा आवाज गाठीपाशी अडायचा, ते बाहेर कुणाला कळलं नाही, मला कळलं. माझा पडदा तिच्या गळ्याला लागूनच होता ना. ती अडायची आणि वळसा घालून वर जायची. तुळईवरच्या चिमणीपाशी आली तेव्हा मला कळलं, की ही बाई राजवाड्याचा निरोप घेतच नाहीये. आवाजाचा घेतेय. प्रत्येक सुराला हात लावून बघतेय, असशील ना रे परत आल्यावर? समोरच्या रांगेत एक म्हातारा रडत होता, तो कशासाठी ते त्यालाच ठाऊक. शेजारची बाई आणखी कशासाठी तरी. राजवाडा एकाच्याही बापाने पाहिला नव्हता, पण सोडून निघालेले सगळेच होते. म्हणून ही गाणी मरत नाहीत की काय, असा एक विचार माझ्या मनात आला. आला तसा मी तो झटकला.

अंतरा निम्म्यावर आला होता आणि तेवढ्यात मागून आवाज आला, “वन्स मोअर!”

अंबादास! ओळ संपायच्या आधीच, भलत्याच ठिकाणी! जन्मात पहिल्यांदा ओरडले आणि तेही चुकीच्या मात्रेवर. सगळा हॉल हसला. कमल लाजली, हो, त्या वयात लाजली, आणि म्हणाली, “अहो, पूर्ण तरी होऊ द्या!” मग तिने पूर्ण केलं आणि मग पुन्हा गायली. शेवटी देवव्रतांनी आपली भैरवी गायली. म्हणजे एका संध्याकाळी दोन भैरव्या झाल्या. वडे गार झाले आणि गुणाजीला भांडुपला उशीर झाला. त्याने हळदीवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि त्या कमलच्या नावावर लिहून ठेवल्या.

पुढच्या आठवड्यात कमलचं ऑपरेशन झालं. नंतर ती मंडळात आली नाही. दर महिन्याला मी फुटक्या फोकसच्या पेटीतून निघायचो, चंद्र उगवायचा, मावळायचा, लोक फुंकायचे. सरळ ‘हॅलो’ म्हणणारं कुणी नव्हतं. मला काय त्याचं, असं मी स्वतःला बजावत होतो.

मग एका सकाळी ती गुणाजीच्या दुकानात आली. अंबादास बरोबर होते. गळ्यावर एक आडवी रेघ होती, पदराने अर्धी झाकलेली.

“गो ताई, इलंस?” गुणाजी उठून उभा राहिला. “कशी आसंस?”

बोलले अंबादास. “गाठ गेली. डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक आहे. आवाज येईल हळूहळू, बोलत राहा, गात राहा. पण घरी ही गातच नाही. म्हणते, मलाच ऐकू येत नाही माझं.”

गुणाजीने निळ्या दिव्याचा माईक काढला. कमलने तो बाजूला केला आणि फुटक्या फोकसच्या पेटीकडे बोट दाखवलं. गुणाजीने मला बाहेर काढलं, शर्टाला पुसलं, वायर जोडली, छोटा स्पीकर लावला.

कमलने मला तोंडाशी धरलं.

“हॅलो.”

मित्रांनो, तो आवाज नव्हताच. गोणपाट फरशीवरून ओढल्यासारखं काहीतरी होतं. ती थांबली, नेहमीसारखी, समोरून कुणी बोलेल म्हणून. मग हळू आवाजात तिने धरलं, “बसा मंडळी, बसा खुशाल, आत्ता पेटली...” आणि ‘बत्ती’च्या जरा अलीकडे आवाज फाटला, आणि नुसती हवा माझ्या जाळीवर आली.

अंबादास फरशीकडे बघत राहिले. गुणाजी उगाच एका प्लगाचे स्क्रू पिळायला लागला. भित्रे लेकाचे! कुणीतरी बोला ना! मी इथे लोखंडाचा, मला तोंड नाही, नाहीतर मीच ओरडलो असतो. जे मी आयुष्यभर हिणवलं, ज्याला रोग म्हटलं, तेच मला त्या क्षणी ओरडायचं होतं, अगदी दुकानाचं शटर हादरेल असं. वन्स मोअर! कमल, वन्स मोअर!

माईकचं कोण ऐकतो? पण कमलने पदराच्या टोकाने माझी जाळी पुसली, पोचा पडला होता तिथे जरा जास्त पुसली, आणि मला परत तोंडाशी आणलं.

“हॅलो,” ती म्हणाली. आणि पुन्हा पहिल्यापासून गायली. बत्तीपाशी पुन्हा फाटला आवाज. ती पुन्हा पहिल्यावर आली.

तर मित्रांनो, माझं सांगणं एवढंच. माईकला टिचक्या मारू नका. फुंकू नका. तोंडात पान धरून भाषण करू नका. वायर गुंडाळताना पिळू नका, आतली तार तुटते. आणि या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मुलुंडच्या हॉलमध्ये एक बाई बसक्या आवाजात गायला उभी राहणार आहे. तिचा नंबर यावेळी पहिला आहे, देवव्रतांनी स्वतः लावलाय. आवाज फाटेल तिचा, मी आत्ताच सांगतो. तेव्हा चपला शोधू नका. वडे गार होतात, होऊ देत. बसा.